मलेशियात गाड्यावरचे खाताना

मलेशियात खाण्यासाठी फिरायचे असेल, तर हॉटेलांची यादी बाजूला ठेवावी आणि पदार्थांची यादी करावी. तिथला चांगला विक्रेता बहुधा एकच पदार्थ करतो, वर्षानुवर्षे तोच करतो, आणि त्याची वेळही ठरलेली असते. सकाळी ज्या जागी भाताची पुडकी विकणारी बाई बसलेली असते, तिथेच रात्री सातेची, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या काड्यांची, शेगडी पेटलेली दिसते. म्हणून ‘कुठे जायचे’ याआधी ‘काय खायचे आणि ते किती वाजता मिळते’ हे ठरवावे.

बसण्याच्या जागांचे मुख्य प्रकार तीन. पहिला कोपीतियाम: मलय भाषेतील ‘कोपी’ म्हणजे कॉफी आणि होक्कियेन चिनी बोलीतील ‘तियाम’ म्हणजे दुकान. इथे दुकानाचा मालक सहसा फक्त पेये विकतो आणि उरलेली जागा निरनिराळ्या गाडेवाल्यांना भाड्याने देतो. आधी टेबल धरावे, त्याचा क्रमांक लक्षात ठेवावा, गाड्यापाशी जाऊन पदार्थ सांगावा, आणि ताट टेबलावर आले की ज्याचे त्याला पैसे द्यावेत. पेय मात्र दुकानातूनच घ्यावे. बसण्याच्या जागेचा मोबदला त्यातूनच वसूल होतो, त्यामुळे काहीच न पिता बसणे योग्य दिसत नाही. दुसरा प्रकार मामाक, म्हणजे तमिळ मुसलमानांची खाणावळ. यांतल्या अनेक चोवीस तास उघड्या असतात. तिसरा पासार मालाम, म्हणजे रात्रीचा बाजार, जो बहुतेक वस्त्यांत आठवड्यातून एखाद्या ठरलेल्या दिवशीच भरतो.

सुरुवात न्याहारीपासून करावी, असे माझे ठाम मत आहे. नासी लमाक, रोटी चानाई (पापुद्र्यांची पोळी) आणि तेह तारीक (ओतून फेसाळलेला दुधाचा चहा) यांभोवतीची ही न्याहारीची संस्कृती 2024 साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंदली गेली. नासी लमाक म्हणजे नारळाच्या दुधात, पांदानची पाने घालून शिजवलेला भात. त्या पानांचा वास आपल्या सुवासिक तांदळाच्या अगदी जवळचा असतो. सोबत सांबाल, म्हणजे मिरचीची तिखट-गोड चटणी, तळलेले बारीक सुके मासे, शेंगदाणे, काकडी आणि अंडे. केळीच्या पानात बांधलेले छोटे पुडके घेतले तर पोटात पुढच्या पदार्थासाठी जागा उरते. कॉफी सांगताना एक खूणगाठ बांधावी: नुसते ‘कोपी’ म्हटले तर गोड आटवलेले दूध घातलेली येते, ‘कोपी ओ’ म्हणजे बिनदुधाची पण साखरेची, आणि ‘कोपी ओ कोसोंग’ म्हणजे दूध-साखर दोन्ही नसलेली. ‘कुरांग मानिस’ म्हणजे कमी गोड. हे दोन शब्द दिवसभर उपयोगी पडतात.

हाताशी दोनच दिवस असतील, तर ते पेनांग बेटाला द्यावेत. तिथल्या जॉर्जटाऊन शहरातील चार कुए तियाव हा तांदळाच्या रुंद शेवयांचा पदार्थ कोळंबी, शिंपले, मुगाचे मोड आणि अंडे घालून रसरशीत तापलेल्या कढईत परततात, आणि त्याचा सगळा जीव त्या आचेच्या धुरकट वासात असतो. जो विक्रेता एका वेळी एक-दोनच ताटे परततो त्याच्याकडे रांग लागते, पण तिथेच थांबावे; एकदम दहा ताटांचा घाणा काढला की शेवया परतल्या न जाता वाफवल्या जातात. आसाम लाक्सा हा रश्शातल्या शेवयांचा पदार्थ; त्याचा रस्सा बांगड्याच्या जातीच्या माशाचा, आंबट, वरून पुदिना, अननस आणि आल्याच्या कुळातील बुंगा कांतान या फुलाचे काप घातलेला. त्यावर येणारी काळी दाट कोळंबीची चटणी आधी थोडीच कालवून पाहावी. नासी कांदार घेताना ‘बांजिर’ म्हणावे, म्हणजे भातावर निरनिराळ्या रश्शांचा पूर येतो. कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. पूर्वी तमिळ मुसलमान विक्रेते भात आणि कालवण कावडीतून फिरवून विकत, त्यावरून हे नाव पडले. इथे एक सावधगिरी: ‘होक्कियेन मी’ मागितल्यावर पेनांगमध्ये कोळंबीच्या रश्शातील शेवया येतात, तर क्वालालंपूरमध्ये काळ्या सोया सॉसमध्ये परतलेल्या जाड शेवया.

शाकाहारी माणसाने मात्र डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. भाजी हिरवीगार दिसली, तरी ती बहुधा बलाचानमध्ये, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीच्या लगद्यात, परतलेली असते. सांबालमध्येही तो बहुधा असतो, आणि चिनी गाड्यांवर डुकराची चरबीही वापरली जाते. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही. ‘ताक माहु इकान, ताक माहु उदांग, ताक माहु बलाचान’, म्हणजे मासा नको, कोळंबी नको, बलाचान नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे. रोटी चानाईसोबत फक्त डाळ मागावी, कारण न सांगता माशाचा रस्सा येऊ शकतो, आणि पिठात अंडे आहे का हेही विचारावे. खरा भरवसा बौद्ध परंपरेतील चिनी शाकाहारी दुकानांचा. तिथे अनेकदा कांदा-लसूणही नसतो, आणि चांद्रमासाच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी त्यांत मोठी गर्दी असते. क्वालालंपूरच्या ब्रिकफील्ड्स भागात केळीच्या पानावरचा दक्षिण भारतीय भात मिळतो, तोही शुद्ध शाकाहारी खाणावळीत घेतला तर निर्धास्तपणे खाता येतो.

रिंगिटच्या लहान नोटा जवळ ठेवाव्यात. बक्षिसी देण्याची रीत नाही. पदार्थ बांधून हवा असेल तर ‘बुंगकुस’ किंवा ‘तापाऊ’ म्हणावे. रमजानच्या महिन्यात मलय लोकांचे बहुतेक गाडे दिवसा बंद असतात, पण दुपारनंतर उपास सोडण्याच्या पदार्थांचे मोठे बाजार भरतात आणि एरवी न दिसणारे कित्येक घरगुती प्रकार तिथेच मिळतात. चार-पाचच्या सुमारास जाऊन खरेदी करावी, आणि भोवतालचे लोक उपाशी असल्याने पुडके सूर्यास्तानंतरच उघडावे.