मे महिन्याच्या सुट्टीत अभ्यासाचा हुरूप टिकत नाही? या चुका टाळा

सुट्टी लागली की पहिल्याच दिवशी रंगीत पेनांनी वेळापत्रक तयार होतं: सकाळी चार तास, दुपारी दोन, रात्री दोन. चौथ्या दिवशी मुंबईची मंडळी येतात, पाचव्या दिवशी वाडीत लग्न असतं आणि आठवड्याभरात ते वेळापत्रक भिंतीवरून उतरतं. मग मुलं स्वतःलाच आळशी ठरवतात. बहुतेक वेळा चूक वेळापत्रकाची असते. कोकणातला मे महिना त्यात धरलेलाच नसतो.

आठ तासांचा बेत

1 मे ते 15 जून हे 46 दिवस. लग्नं, पूजा, पाहुणे, काजू-आंब्याची कामं, पावसाआधी कौलं परतणं यांचे 12 दिवस आधीच वजा करा. उरले 34. रोज 50 मिनिटांच्या दोनच बैठका, मध्ये दहा मिनिटं उठायचं. हे 3400 मिनिटं, म्हणजे साधारण 57 तास होतात. दहावीत जाणाऱ्याला बीजगणिताची पहिली तीन प्रकरणं नीट सोडवून विज्ञानालाही हात घालता येईल, एवढा हा वेळ आहे.

‘आज गणित करायचं’ असं लिहू नका. ‘सरावसंच 2.2 मधली पहिली चार उदाहरणं’ असं लिहा. काम कुठे संपणार हे दिसलं की बसावंसं वाटतं. आणि वर्गसमीकरणं सुटत नसतील तर खोट बऱ्याचदा मागे असते: आठवीतले अवयव कच्चे राहिलेले असतात. दोन दिवस तिकडे द्या. समजत नाही म्हणून आलेला कंटाळा निश्चयाने जात नाही, समजलं की जातो.

मूड येण्याची वाट पाहणं

हुरूप आधी आणि काम नंतर, असा क्रम क्वचितच लागतो. दहा मिनिटं हात चालला की मन मागून येतं. म्हणून सुरुवात रोजच्या एखाद्या गोष्टीला बांधून टाका: सकाळच्या चहाचा कप खाली ठेवला की ओटीवर वही उघडायची. आदल्या रात्री एक उदाहरण मुद्दाम अर्धवट सोडा, पुस्तक त्याच पानावर उघडं ठेवा, पेन मध्ये घाला. सकाळी ‘काय करू?’ हा प्रश्नच उरत नाही.

दुपारी अवघड विषय घेणं

आमरस-पोळी जेवून पत्र्याखालच्या खोलीत दोन वाजता भूमिती घेतली तर डोळे मिटणारच. किनाऱ्याच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही आणि थकवा लवकर येतो. हा आळस नव्हे. अवघड विषय सकाळी सहा ते आठमध्ये, घर जागं होऊन गजबजण्याआधी संपवा. दुपारी झोप घ्या, नाहीतर आकृत्या आणि नकाशे काढा. पाण्याची बाटली जवळ हवी; मीठ घातलेलं कोकम सरबतही चालेल. वळवाच्या पावसात लाईट जाते, म्हणून व्हिडिओ आदल्या संध्याकाळी रेंजमध्ये डाउनलोड करून ठेवा. बसताना फोन माजघरात ठेवा, उलटा करून शेजारी नको.

नुसतं वाचत राहणं

पाच वेळा वाचलेला धडा ओळखीचा वाटतो, पण आठवत नाही. मग परीक्षेत रिकामं पान पाहून धीर सुटतो. घरी आमसुलं होताना पाहा. रातांब्याची साल एकदा वाळवून भागत नाही, पुन्हा पुन्हा रसात बुडवून वाळवावी लागते. उजळणीही तशीच पुटं देऊन करायची: धडा वाचून पुस्तक मिटा, आठवेल ते कागदावर लिहा, राहिलेलं उघडून पाहा. मग एक दिवस, चार दिवस आणि दहा दिवसांनी पुन्हा कोऱ्या कागदावर. दर खेपेला पान जास्त भरतं, आणि आपली प्रगती डोळ्यांना दिसण्याइतका दुसरा हुरूप नाही.

एक दिवस बुडाला म्हणून सगळं सोडणं

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या सवयींचा अभ्यास केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18 पुरतील, तर कुणाला 254 लागतील असं दिसलं. म्हणजे सुट्टी संपत आली तरी बसायला जड जातं, यात वावगं काही नाही. एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही, हेही त्यांना आढळलं. लग्नाला जायचंय? जा, पोटभर जेवा. दुसऱ्या दिवशी एकच बैठक करा, बुडालेली भरून काढू नका. दुप्पट ओझं घेतलं की तिसरा दिवसही जातो.

पाहुण्या भावंडांना पहिल्याच दिवशी सांगा, ‘आठपर्यंत मी ओटीवर, मग समुद्रावर.’ लहानगीसुद्धा हे पाळतात.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. दोन आठवडे पोहणं, क्रिकेट, कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, तर वेळापत्रक बाजूला ठेवून आई-बाबांशी आणि डॉक्टरांशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि चोवीस तास चालतो.

मृगाचा पाऊस सुरू झाला की सकाळच्या बैठकीची वेळ शाळेच्या एसटीप्रमाणे मागेपुढे करा. शाळा उघडण्याआधी आठवडाभर तरी त्याच वेळी उठा.