धूर अडवणारा पडदा: कापड सोपं, दांडी अवघड

भोसरीत माझं जिग-फिक्श्चरचं, म्हणजे मशीनवर काम पकडून धरणाऱ्या साधनांचं, छोटं वर्कशॉप आहे. आगीशी संबंध वेल्डिंगच्या ठिणगीपुरता. पण भाचा अग्निशमन दलात. एका रविवारी जेवताना म्हणाला, "मामा, जळत्या फ्लॅटचं दार उघडलं की आम्ही आत आणि धूर बाहेर. वरच्या मजल्यांवरची माणसं त्याच जिन्यानं उतरायची असतात. दाराला पटकन काही लावता येईल का?" मी म्हटलं, पडदाच ना? दोन दिवसांत देतो. चौदा महिने लागले.

कल्पना माझी नव्हे. जर्मनीतले अग्निशमन अधिकारी मिशाएल राइक यांनी असा उचलून नेता येणारा पडदा फार आधी बनवला. पुण्यातल्या दारांना बसेल असा नमुना कसा करायचा, तेवढंच इथे सांगतो. आणि हे प्रशिक्षित जवानांचं हत्यार आहे. घरच्या माणसानं बाहेर पडताना दार ओढून घ्यावं, खाली उतरून 101 फिरवावा. दार ओढून घेणं हाही पडदाच झाला.

आधी दारात काय चालतं ते समजून घ्या. तापलेला धूर चौकटीच्या वरच्या भागातून बाहेर येतो, खालून गार हवा आत शिरते. म्हणजे एकच दार धुराडंही होतं आणि लोहाराचा भाताही. पडद्यानं वरची वाट बंद करायची. जवान आणि होजपाइप खालून, सरपटत.

आता जोर किती येतो? मला वाटलं होतं, धूर पडदा उडवूनच देईल. हिशेब केला तर 600 अंश तापलेल्या धुराचा दाब दाराच्या मध्यापासून मीटरभर वर जेमतेम 8 पास्कल. अख्ख्या वरच्या भागावर मिळून अर्धा किलोसुद्धा नाही! खरा वैरी वारा. आतली खिडकी फुटली आणि सेकंदाला 10 मीटरचा वारा घुसला की 60 पास्कल होतात, दोन चौरस मीटरच्या दारावर 12 किलो. न्यूयॉर्कच्या गव्हर्नर्स आयलंडवर 2008 साली सात मजली इमारतीत वाऱ्यानं भडकणाऱ्या आगींच्या चाचण्या झाल्या, त्यात खिडकीवर बाहेरून पडदे सोडून पाहिले होते, ते याच वाऱ्यासाठी.

पडदा धरायला खिळा ठोकायला वेळ नाही. चौकटीत आडवी दांडी ताणून बसवायची, बाथरूमच्या पडद्याच्या दांडीसारखी. वाऱ्याचे 12 किलो, पडद्याचं वजन 4 किलो. वारा आडवा ढकलतो, वजन खाली ओढतं, म्हणून सरळ बेरीज नाही; काटकोनाच्या हिशेबानं दोन्ही मिळून तेराच्या आत. घर्षणांक 0.3 धरला आणि दोन टोकं, तर दांडीनं चौकटीला 21 किलोंनी रेटायला हवं. दुप्पट धरा, 42. दोन थरांचे हातमोजे घालून, धुरात, 42 किलोंची स्प्रिंग दाबून बघा म्हणजे माझे महिने कुठे गेले ते कळेल.

पहिल्या दांडीला मी स्क्रू दिला. फिरवता फिरवता भाचा म्हणाला, "मामा, तोवर आग विझेल." दुसरीला भोकं आणि पिन, मोज्यातून पिन सापडेना. मग एके दिवशी सिलिकॉन भरायची बंदूक हातात होती. तिच्यात दांडी पकडणारी तिरकी पट्टी असते: पुढे मोकळी सरकते, मागे येत नाही. तीच आत घातली. दांडी हातानं ओढून दोन्ही चौकटींना टेकवायची, पट्टी धरते. मग शेवटचा रेटा टॉगल क्लॅम्पनं, म्हणजे दांडा दाबला की अडकून जोर धरून ठेवणाऱ्या पकडीनं. हा क्लॅम्प आम्ही फिक्श्चरवर रोज लावतो, आणि वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर टांगलेला होता! मुठीचा दांडा दीडशे मिलिमीटर ठेवा, लाल रंगवा.

टॉगल आणि टोक यांच्यामध्ये स्प्रिंग हवीच. मीटरभर स्टेनलेसची दांडी 300 अंश तापली की 5 मिलिमीटर लांबते. स्प्रिंग नसेल तर ती चौकट फोडेल किंवा स्वतः वाकेल. माझी स्प्रिंग 12 मिलिमीटरला 42 किलो देते. ती कापडाच्या जिन्याकडच्या बाजूला ठेवा. फार तापली तर तिचा पीळ जातो. नळी 304 स्टेनलेसची: बाहेरची 25 चौरस, दीड मिलिमीटर जाड, आतली 20 चौरस. ॲल्युमिनियम हलकं म्हणून मोह होतो, पण ते 660 अंशांना वितळतं आणि त्याच्या कितीतरी आधी मऊ पडतं.

कापड काचेच्या धाग्याचं, चौरस मीटरला 600 ग्रॅमचं, एका अंगाला लेप असलेलं. साधारण 550 अंशांपर्यंत टिकतं. कापताना मोजे आणि मास्क लावा, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल. इथे माझी फजिती झाली. पहिला पडदा मी ताडपत्री शिवणाऱ्याकडून नायलॉनच्या दोऱ्यानं शिवून घेतला. शेजारच्या हीट ट्रीटमेंटवाल्याच्या भट्टीत तुकडा टाकला तर कापड जसंच्या तसं आणि शिवण गायब. शिवणारा म्हणाला, "साहेब, कापड आगीचं आणि दोरा मांडवाचा?" तेव्हापासून केवलारचा दोरा.

रुंदी 140 सेंटिमीटर, म्हणजे बाजूंना चुण्या पडून कडा झाकल्या जातात. थोडा धूर येतो, येऊ द्या. दांडीच्या वर वीतभर झालर सोडा, ती फटीत कोंबायची. खालच्या दुमडीत पातळ साखळी घाला, म्हणजे माणूस आत गेला की कापड आपसूक खाली पडतं. ते जमिनीवर लोळू देऊ नका, पायात येतं. उंबऱ्यापासून चार बोटं वर पुरे.

मग दारं. कसब्यातल्या वाड्यापासून कोथरूडच्या सोसायटीपर्यंत टेप घेऊन हिंडलो. संडास-बाथरूमची अडीच फुटी, मुख्य दारं साडेतीन फुटी; म्हणून दांडी 70 ते 115 सेंटिमीटर. फ्लॅटला बाहेरून आणखी सेफ्टी डोअर असतं. त्याच्या आणि आतल्या दाराच्या मधल्या चार-पाच इंचांतच दांडी बसते, म्हणून दांडीच्या टोकाची, चौकटीला टेकणारी दातेरी पट्टी 30 मिलिमीटर रुंदच ठेवली. आतलं दार आत उघडतं हे आपलं नशीब: दांडी आधी बसवायची, दार मग उघडायचं. वाड्यात गणेशपट्टीखाली लाकूड खडबडीत, दांडी घट्ट बसते. ग्रॅनाइटच्या चौकटीवर मात्र दातेरी पट्टी घसरली. तिच्यावर काचेच्या कापडाच्या चार घड्या रिव्हेट केल्या. आणि तोरण! प्लास्टिकच्या आंब्याच्या पानांचं तोरण दांडीत अडकतं. जवानानं आधी ते एका झटक्यात ओढावं, शुभाशुभ नंतर बघू.

चाचणीला वर्कशॉपचं बाथरूम घेतलं. घमेल्यात ओल्या शेणी धुमसवल्या, दार उघडून पाहिलं. ताण मोजायला कापडाला स्प्रिंगचा काटा अडकवून 13 किलोंपर्यंत ओढा. दांडी हलली तर टॉगल पुन्हा जुळवा. मग डोळ्यांवर फडकं, हातात मोजे, आणि घड्याळ. माझे 22 सेकंद, भाच्याचे 9.

धूर हटवायला दारात हवेचा मोठा पंखा लावणार असाल तर धूर बाहेर पडायची वाट आधी ठरवा. नाहीतर भाता तुम्हीच चालवताय.

पडदा गुंडाळू नका, नागमोडी घडी घालून दांडी वर ठेवा, पट्ट्यानं खांद्याला लावा. प्रत्येक वापरानंतर उजेडात धरा. लेप सोलला किंवा प्रकाश आरपार दिसला तर तो बाद. बाद झालेले दोन माझ्या वेल्डिंगच्या टेबलाला आडोसा म्हणून टांगलेत, ठिणग्या छान अडतात.