आयबीएम आयवर क्वेरी ट्यूनिंग शिकताना: इनी फाइल सगळ्यात शेवटी

आयबीएम आय, म्हणजे 1988 साली बाजारात आलेल्या एएस/400 मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं आजचं रूप. त्यावर नव्याने काम सुरू केलेली मंडळी क्वेरी हळू चालतेय म्हणून माझ्याकडे येतात, तेव्हा पहिला प्रश्न बहुधा हाच असतो: "क्यूएक्यूक्यू-इनी फाइलमध्ये काय बदलू?" ही क्वेरी कशी चालवायची याची सेटिंग्ज ठेवणारी फाइल. मी सांगतो, सध्या काहीच नको. क्वेरी कोणत्या मार्गाने चालवायची ते डेटाबेसचा ऑप्टिमायझर ठरवतो; त्याने हाच मार्ग का निवडला, ते आधी त्याच्याकडूनच काढून घ्या.

त्यासाठीची एक युक्ती मला फार आवडते. जॉब, म्हणजे सिस्टिमवर चालणारं आपलं काम, डीबगमध्ये टाकायचा, चेंज क्वेरी ॲट्रिब्यूट्स कमांडने टाइम लिमिट शून्य करायची आणि मग क्वेरी द्यायची. ही मर्यादा घड्याळातल्या वेळेला लागत नाही, ऑप्टिमायझरच्या अंदाजाला लागते. त्यामुळे क्वेरी प्रत्यक्ष धावण्याआधीच अडते आणि कोणता इंडेक्स घेतला, कोणता का नाकारला, नवा कोणता हवा होता, हे संदेश जॉब लॉगमध्ये मिळतात. तासभर चालणारा रिपोर्टही असा क्षणात तपासता येतो. पुढे व्हिज्युअल एक्सप्लेन, म्हणजे निवडलेला मार्ग (प्लॅन) आकृतीत दाखवणारं साधन, शिकाच. तिथे अंदाजे किती ओळी आणि प्रत्यक्षात किती, ही तफावत पाहा. दोन आकडे फारच लांब असतील तर दुखणं बहुधा तिथेच आहे.

जुन्या ॲप्लिकेशनमध्ये तारीख बऱ्याचदा आठ अंकी संख्या म्हणून साठवलेली असते. वेअरमध्ये त्या कॉलमवर फंक्शन लावलं की साधा इंडेक्स असूनही उपयोगी पडत नाही. इथे कोणतंही सेटिंग मदतीला येणार नाही. तुलनेची किंमतच संख्येत बदलून द्या, किंवा त्या एक्स्प्रेशनवरच इंडेक्स बांधा; 6.1 आवृत्तीपासून ती सोय आहे. कोणते इंडेक्स बांधावेत ते सुचवणाऱ्या इंडेक्स ॲडव्हायझरच्या सूचना मात्र डोळे मिटून अमलात आणू नका. टेबलमध्ये पडणारी प्रत्येक नवी ओळ त्या सगळ्या इंडेक्सना सांभाळावी लागते.

एवढं झाल्यावरच इनी फाइल. मूळ फाइल क्यूसिस लायब्ररीत असते, तिला हात लावायचा नाही. क्रिएट डुप्लिकेट ऑब्जेक्टने, डेटासह, आपल्या लायब्ररीत प्रत घ्या. त्याच कमांडने, कारण फाइलवरचे ट्रिगर (बदल होताच आपोआप चालणारे प्रोग्राम) सोबत यायला हवेत. नुसती कॉपी पुरत नाही. मग फक्त आपल्या जॉबला ती लायब्ररी दाखवा. हीच प्रत क्यूयूएसआरसिस लायब्ररीत ठेवली की सगळ्या सिस्टिमला लागू होते, आणि म्हणूनच मी तिथे शक्यतो जात नाही.

इनीमधल्या ऑप्टिमायझेशन गोल या सेटिंगचंच पाहा. ऑर्डर शोधण्याच्या एका स्क्रीनवर वापरणाऱ्याला पहिलं पान पटकन हवं होतं, पण गोल ऑल आयओ असल्यामुळे ऑप्टिमायझर आधी सगळ्या ओळी गोळा करून सॉर्ट करत होता. फर्स्ट आयओ केल्यावर तो इंडेक्सच्या क्रमाने वाचू लागला आणि पान लगेच उमटलं. महिनाअखेरच्या रिपोर्टला मात्र फर्स्ट आयओ मारक ठरतो, कारण तिथे शेवटची ओळ कधी येते याला महत्त्व. दोन्ही कामं एकाच मशीनवर चालतात, मग सर्वांसाठी एक किंमत कशी ठरवणार? शक्य असेल तिथे तर मी इनी सोडून एसक्यूएलमध्येच ऑप्टिमाइझ फॉर 20 रोज लिहितो. हेतू क्वेरीजवळच राहतो.

पॅरलल डिग्रीचा, म्हणजे एकच क्वेरी एकाच वेळी अनेक भागांत चालवण्याच्या सेटिंगचा, मोह सगळ्यांना होतो. मॅक्स दिलं की ऑप्टिमायझर पूलमधली (अनेक जॉबना मिळून दिलेल्या मेमरीच्या हिश्श्यातली) सगळी मेमरी आपलीच समजून आखणी करतो, आणि शेजारच्या जॉबना त्याची झळ बसते. एरवी तो पूलमधला आपल्या वाट्याचा भागच धरतो. टेस्ट मशीनवर धावणारी क्वेरी प्रॉडक्शनवर रांगते, त्यामागे पुष्कळदा हेच असतं: एसक्यूएल तेच, पण पूल वेगळा, जॉबची गर्दी वेगळी, म्हणून प्लॅनही वेगळा. तेव्हा तुलना करताना पूलचा आकार आणि त्यातल्या जॉबची संख्या आधी टिपून घ्या.

आणखी एक: आयपीएल, म्हणजे सिस्टिम रीस्टार्ट, झालं की प्लॅन साठवणारी प्लॅन कॅश रिकामी होते. बदल करण्याआधीचे प्लॅन नंतर ताडून पाहायचे असतील, तर ठरलेल्या आयपीएलच्या आधी कॅशचा स्नॅपशॉट घेऊन ठेवा.