उचलून आणलेले खेळकर कुत्रे: घर आणि अंगण आधी कसे तयार करावे

गावात कुत्रे पाळण्यासाठी वेगळी तयारी करावी लागते असे म्हटले की बहुतेकांना हसू येते. पुलाखाली सापडलेली पाच महिन्यांची कुत्री घरी आणायचे आम्ही ठरवले, तेव्हा शेजारच्या आजींनी विचारलेच, “कुत्र्याले कायची तयारी लागते गा? भाकरीचा तुकडा टाकला का झालं.” भाकरीच्या तुकड्यावर कुत्रे जगते हे खरे, परंतु चार ते आठ महिन्यांचे, अंगात वारे भरलेले कुत्रे दिवसभर खेळ शोधत असते, आणि आपण खेळ दिला नाही तर खुराड्यातल्या कोंबड्या, दोरीवरचे धोतर आणि रस्त्यावरून जाणारी मोटारसायकल हाच त्याचा खेळ होतो. म्हणून ते कुठे, कशाशी आणि कोणाबरोबर खेळणार, हे त्याला आणण्याआधीच ठरवावे.

सुरुवात अंगणापासून करावी आणि कुंपण उभ्याने नव्हे, तर खाली बसून पाहावे. तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा कूड वरून भक्कम दिसतो. मात्र जमिनीलगत कोंबडी जाईल एवढी फट असली की तिथून कुत्र्याचे तोंड जाते आणि तोंडापाठोपाठ अंग जाते. तळाशी विटांचा एक थर लावला तरी पुष्कळ काम भागते. त्यानंतर फवारणीची औषधे, त्यांचे रिकामे डबे, औषध लावलेले बियाणे आणि उंदरांसाठी ठेवलेले विष हे सारे कुलूपबंद करावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. फवारलेल्या धुऱ्यावरून चालून आल्यावर स्वतःचे पाय चाटणाऱ्या दहा किलोंच्या जनावराला त्याहून कितीतरी कमी विष पुरते. तोंडाला लाळ सुटून अंग थरथरू लागले, तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढण्याच्या नादी लागू नये. औषधाचा डबा सोबत घेऊन तडक पशुवैद्यकांकडे जावे.

लसीच्या बाबतीत मी जे भोगले ते लिहितो. आमचे पहिले पिल्लू दोन महिन्यांचे होते. सोयाबीन घरात आले की लस देऊ, असे मी म्हणत राहिलो. एके सकाळी त्याने पाण्यालाही तोंड लावले नाही, दुपारी उलट्या सुरू झाल्या, रात्री रक्ताची हगवण लागली आणि चौथ्या दिवशी ते गेले. तो पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या आतड्यांचा संसर्गजन्य रोग, होता. या रोगाचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो, हे मला नंतर कळले. त्यामुळे ज्या अंगणात पार्व्होने पिल्लू मेले आहे, तिथे वर्षभर तरी लस न झालेले पिल्लू आणू नये. फरशी ब्लीचच्या पाण्याने धुता येते, पण शेणाने सारवलेली जमीन तशी धुता येत नाही.

लहान पिल्लाला संयुक्त लस, म्हणजे पार्व्हो, डिस्टेंपर अशा अनेक रोगांवरची एकच लस, दीड-दोन महिन्यांच्या वयात सुरू करतात आणि चार महिन्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुन्हा देतात. उचलून आणलेले कुत्रे चार महिन्यांहून मोठे असले आणि त्याच्या आधीच्या लसींचा पत्ता नसला, तर काहीच झालेले नाही असे धरून चालावे आणि मात्रा किती द्यायच्या हे पशुवैद्यकांवर सोपवावे. रेबीजची लस तीन महिन्यांचे वय झाल्यावर देतात व पुढे दरवर्षी देत राहावी. तालुक्याच्या दवाखान्यात ढोरांच्या लसी असतात, पण कुत्र्यांची संयुक्त लस असेलच असे नाही. म्हणून जाण्याआधी फोन करावा, आणि लस बाहेरून आणायची झाल्यास बर्फ घातलेल्या थर्मासमधूनच आणावी, कारण उन्हात तापलेली लस टोचली काय आणि न टोचली काय, सारखेच. जंताचे औषध याच फेरीत वजनानुसार घ्यावे. ताडोबा, नवेगाव किंवा मेळघाटाच्या जंगलाच्या आसपास राहणाऱ्यांनी डिस्टेंपरची लस मुळीच टाळू नये, कारण हा रोग कुत्र्यांकडून रानातल्या मांसभक्षकांपर्यंत पोहोचू शकतो. अशा गावांत कुत्र्याला रात्री बाहेर बांधणे म्हणजे बिबट्याला जेवायला बोलावणे आहे. त्याची झोपायची जागा घरात किंवा बंद छपरीतच असावी.

खाण्याचा प्रश्न लोक समजतात तेवढा अवघड नाही. ज्वारीची भाकरी किंवा भात चालतो, पण वाढत्या अंगाला तेवढ्याने भागत नाही. त्यात उकडलेले अंडे, बिनतिखटाचे चिकन किंवा थोडे दही रोज घालावे आणि सहा महिन्यांपर्यंत दिवसातून तीन वेळा द्यावे. म्हशीच्या घट्ट दुधाने अनेक पिल्लांना हगवण लागते. कांदा, लसूण, मनुका आणि चॉकलेट कुत्र्यांना विषारी आहेत, आणि शिजवलेल्या कोंबडीची हाडे आतडे फाडू शकतात. सावजी रश्शाने माखलेले हाड प्रेमाने पुढे टाकणारा पाहुणा प्रत्येक घरी येतोच. त्याला आधीच सांगून ठेवावे.

आता खेळाविषयी. उचलून आणलेले पिल्लू पुष्कळदा आईपासून लवकर तुटलेले असते. भावंडांत वाढणाऱ्या पिल्लाने जोरात चावले की दुसरे ओरडते आणि खेळ थांबतो. त्यातूनच दातांचा जोर आवरायला ते शिकते. हा धडा राहून गेला असेल तर तो आपण द्यायचा असतो, आणि त्याचा मार्ग थप्पड नव्हे. आमची कुत्री पहिल्या आठवड्यात मुलाच्या पायजम्याला लोंबकळत असे. तो जितका ओरडून पळे, तितका तिला खेळ रंगल्यासारखा वाटे. त्याला आम्ही खांबासारखे उभे राहायला शिकवले: हात छातीशी, तोंड दुसरीकडे, बोलणे बंद. ती खाली बसली की जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची घट्ट वेणी तिच्या तोंडात द्यायची आणि खेळ पुन्हा सुरू करायचा. हा प्रयोग घरातल्या सर्वांनी एकसारखा केला तेव्हा साधारण तीन आठवड्यांत फरक दिसला; मधल्या काळात काकांनी लाडाने हाताशी मस्ती केल्यामुळे चार दिवस वाया गेले, ते वेगळे. फाटकी चप्पल खेळायला देऊ नये, कारण फाटकी आणि नवी यांतला भेद कुत्र्याला कळत नाही. दुधाचे दात पडून नवे येतात त्या चौथ्या ते सातव्या महिन्यांत हिरड्या शिवशिवतात, तेव्हा गार पाण्यात भिजवलेली तीच वेणी उपयोगी पडते.

कोंबड्या, शेळ्या आणि वासरे यांच्यामागे पळण्याची सवय एकदा लागली की मोडता मोडत नाही, म्हणून पहिला महिनाभर कुत्र्याला अंगणातसुद्धा पंधरा-वीस फुटांच्या दोरीवर ठेवावे. शेळी दिसली आणि ते आपल्याकडे वळून पाहू लागले, की त्या क्षणी भाकरीचा लहानसा तुकडा द्यावा. आजींची भाकरी अशी कामी येते. मात्र ही दोरी शिकवण्यासाठी आहे, दिवसभर खुंट्याला अडकवण्यासाठी नाही. आखूड किंवा जड साखळीने जनावराला अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली गुन्हा आहे.

खेळताना दात लागून रक्त आले, किंवा नुसते खरचटले, तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जावे. तिखट, चुना किंवा हळद भरू नये. पिल्लू घरचेच आहे म्हणून रेबीजचे इंजेक्शन लांबवणे हा वेडेपणा आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्याची तयारी फेब्रुवारीतच करावी. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो तेव्हा टिनाच्या शेडखाली बांधलेले कुत्रे भाजून निघते. त्याला कडुनिंबाची सावली, ओले पोते आणि दोन ठिकाणी मातीच्या भांड्यात पाणी द्यावे. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, खेळ सूर्य उगवण्याआधी किंवा अंधार पडल्यावरच घ्यावा, कारण खेळकर कुत्रे थकल्यावरही आपण होऊन थांबत नाही. जोराने धापा टाकणे, हिरड्या लालभडक होणे आणि पाय लटपटणे ही उष्माघाताची लक्षणे असून, अशा वेळी साधे पाणी अंगावर ओतत, वारा घालत दवाखाना गाठावा.

पावसाळ्यात गोचिडांकडे लक्ष द्यावे. कान, बोटांच्या बेचक्या आणि शेपटीखालची जागा रोज संध्याकाळी चाचपावी. ढोरांसाठी आणलेले गोचिडांचे औषध अंदाजाने चोळू नये, आणि खरजेवर जळके ऑइल तर कधीच लावू नये. कुत्रे ते चाटते आणि खरूज राहते बाजूला, विषबाधा मात्र होते.

शेवटचे काम नसबंदीचे. कुत्री असली तर ‘पिल्ले कोण सांभाळणार’ म्हणून लोक तिला नेतच नाहीत. पण सहा महिन्यांच्या सुमारास पशुवैद्यकांना दाखवून शस्त्रक्रियेची तारीख ठरवली की तो प्रश्न उरत नाही. शस्त्रक्रियेनंतर दहा-बारा दिवस उड्या आणि धावणे बंद ठेवावे लागते, आणि खेळकर कुत्रीच्या बाबतीत खरी परीक्षा तीच असते. टाके चाटू नयेत म्हणून आम्ही प्लास्टिकच्या जुन्या बादलीचा तळ कापून, कडांना सुती कापड शिवून ती तिच्या गळ्यात अडकवली होती. दोन दिवस ती दाराच्या चौकटीला धडकत फिरली. तिसऱ्या दिवशी तीच बादली कोंबड्यांच्या दिशेने ढकलत नेण्याचा नवा खेळ तिने शोधून काढला, आणि टाके निघेपर्यंत आम्हाला पुन्हा दोरी बाहेर काढावी लागली.