पीएफचे ऑनलाइन खाते: क्लेम अडवणाऱ्या या चुका टाळा

भविष्य निर्वाह निधीतून (पीएफ) पैसे काढण्याचा अर्ज, म्हणजे क्लेम, नामंजूर झाला की खापर बहुधा भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या (ईपीएफओ) संकेतस्थळावर फुटते. संकेतस्थळ कधीकधी अंत पाहते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु नामंजुरीचा शेरा नीट वाचला, तर अडचणीचे मूळ बहुतेक वेळा नोकरीला लागताना घाईत भरलेल्या एखाद्या अर्जात सापडते, आणि पैशांची निकड निर्माण होईपर्यंत त्याकडे कोणी फिरकलेलेच नसते. खात्याची ही साफसफाई नोकरी चालू असताना, म्हणजे एचआर विभाग अजून तुमचा फोन उचलत असताना, करून घेणे केव्हाही सोपे जाते.

पहिला गोंधळ क्रमांकांचा असतो. यूएएन (युनिव्हर्सल अकाउंट नंबर) हा सदस्याचा बारा आकडी क्रमांक २०१४ पासून दिला जातो आणि तो आयुष्यभर एकच राहावा अशी अपेक्षा आहे. याउलट मेंबर आयडी, म्हणजे त्या त्या कंपनीतील पीएफ खात्याचा क्रमांक, प्रत्येक नोकरीगणिक बदलतो. नवीन ठिकाणी रुजू होताना जुना यूएएन सांगितला नाही, तर कंपनी दुसरा काढून मोकळी होते, आणि मग एका माणसाच्या नावावर दोन यूएएन, त्यांतील एक आधारशी जोडलेला आणि दुसरा अधांतरी, अशी स्थिती होते. रुजू होतानाच्या घोषणापत्रात ‘यापूर्वी पीएफचे सदस्य होता का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहिण्याचा मोह टाळावा. दोन क्रमांक झालेच असतील, तर चालू क्रमांक कायम ठेवून जुन्या खात्यातील रक्कम त्यात वर्ग करून घ्यावी.

नाव आणि जन्मतारीख

सर्वांत जास्त क्लेम येथे अडकतात, आणि मराठी नावांच्या बाबतीत तर त्याला खास कारणे आहेत. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो, पण जुन्या कंपन्यांच्या नोंदीत आडनाव आधी येते. कुठे मधले नाव गाळलेले असते, कुठे त्याचे केवळ आद्याक्षर असते. वडिलांच्या नावापुढचा ‘राव’ किंवा आईच्या नावापुढची ‘बाई’ एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नसते. माणसाला ‘पांडुरंग’ आणि ‘पांडुरंगराव’ एकच वाटतात, संगणकाला ती दोन वेगळी माणसे वाटतात. लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेल्या स्त्रियांची अडचण याहून मोठी असते, कारण पीएफमध्ये माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि बँकेत आणखी तिसरेच, असा प्रकार सर्रास आढळतो.

जन्मतारखेचेही तसेच आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिलेली १ जून ही तारीख एका संपूर्ण पिढीच्या दाखल्यांवर आहे, तर आधार काढताना नेमकी तारीख सांगता न आल्यास कार्डावर १ जानेवारी आलेली असते. पीएफच्या नोंदीत यांपैकी कोणती आहे, हे ईपीएफओच्या सदस्य पोर्टलवर आपल्या प्रोफाइलमध्ये एकदा पाहून घ्यावे.

येथे दुरुस्तीचा क्रम चुकवू नये. आधी आधार, मग पॅन आणि बँक, आणि शेवटी पीएफ असा तो असावा, कारण पीएफमधील तपशील आधारशीच पडताळले जातात. आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येते, तेव्हा शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्र समोर ठेवून, कोणते रूप कायम ठेवायचे हे पक्के करूनच केंद्रावर जावे. त्यानंतर पोर्टलवर जॉइंट डिक्लेरेशनचा, म्हणजे पीएफमधील तपशील दुरुस्त करण्याचा, अर्ज करता येतो. जानेवारी २०२५ पासून, १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेल्या आणि आधारने पडताळलेल्या यूएएनधारकांना नाव, जन्मतारीख, आईवडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, रुजू होण्याची व नोकरी सोडण्याची तारीख असे तपशील कंपनीच्या मंजुरीशिवाय दुरुस्त करता येतात. त्याआधीच्या क्रमांकांसाठी मात्र कंपनीची मंजुरी लागते, आणि कंपनी बंद पडली असेल तर हेलपाटे वाढतात.

मोबाइल, बँक आणि नोकरी सोडल्याची तारीख

ओटीपी येत नाही, अशी तक्रार असल्यास आधी तो कोणत्या क्रमांकावर जात आहे ते पाहावे. लॉगिनचा ओटीपी यूएएनशी नोंदवलेल्या मोबाइलवर येतो, तर क्लेम किंवा नामनिर्देशनाच्या (वारसदाराचे नाव नोंदवण्याच्या) वेळचा ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर जातो. हे दोन क्रमांक वेगळे असू शकतात. आधारवरील मोबाइल आधार केंद्रावर जाऊन बदलता येतो.

बँक खाते बिनचूक असले तरी त्याचा आयएफएस कोड (बँक शाखेचा सांकेतिक क्रमांक) जुना असू शकतो. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली, २०२० मध्ये आंध्र आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत गेल्या, आणि अशा खात्यांचे कोड बदलले. ज्यांनी केवायसी (पीएफ खात्यातील बँक तपशिलांची पडताळणी) त्यापूर्वी केले, त्यांनी ते नव्याने करावे. एप्रिल २०२५ पासून बँक जोडण्यासाठी कंपनीची मंजुरी लागत नाही आणि धनादेशाचे छायाचित्रही जोडावे लागत नाही, त्यामुळे हे काम आता बरेच हलके झाले आहे. पती किंवा पत्नीखेरीज अन्य कोणाबरोबरचे संयुक्त खाते देऊ नये.

कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल, तर अंतिम क्लेमचा पर्यायच दिसत नाही. शेवटचा भरणा झाल्यापासून दोन महिने उलटल्यावर ही तारीख सदस्य स्वतः भरू शकतो. मात्र ती शेवटच्या भरण्याच्याच महिन्यातील असावी लागते.

पासबुक वाचताना होणारी घबराट

पासबुकात तीन रकाने असतात: कर्मचाऱ्याचा हिस्सा, कंपनीचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा. सप्टेंबर २०१४ पूर्वीपासून सदस्य असलेल्या एखाद्याचे मूळ वेतन २०,००० रुपये धरले, तर त्याचे स्वतःचे १२ टक्के, म्हणजे २,४०० रुपये पहिल्या रकान्यात दिसतात. कंपनीही २,४०० रुपयेच भरते, पण त्यांतील १,२५० रुपये पेन्शनकडे वळतात आणि दुसऱ्या रकान्यात १,१५० रुपयेच उरतात. पेन्शनची कपात १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर ८.३३ टक्के दराने होत असल्याने हा आकडा असा येतो. ‘कंपनी कमी भरते’ ही तक्रार पुष्कळदा हे न समजल्यामुळे केली जाते.

खाते वर्ग झाल्यावर नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य पाहून तर अनेकांचे धाबे दणाणते. तेथे काहीही बुडालेले नसते. पेन्शनची रक्कम एका मेंबर आयडीतून दुसऱ्यात जात नाही, जातो तो सेवेचा कालावधी. पडताळणी करायचीच असेल, तर पोर्टलवरील सेवा इतिहासात जुन्या नोकरीचा काळ दिसतो का, ते पाहावे.

खरी काळजी करण्यासारखी गोष्ट वेगळीच आहे. १ सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० रुपयांहून अधिक वेतनावर प्रथमच सदस्य झालेली व्यक्ती पेन्शन योजनेत येत नाही. तरीही काही कंपन्या तिच्या नावे दरमहा १,२५० रुपये पेन्शनमध्ये भरत राहतात, आणि ही चूक अनेक वर्षांनी, क्लेम करताना किंवा खाते वर्ग करताना उघड होते. पेन्शनच्या रकान्यात असा आकडा दिसला, तर कंपनीकडून लेखी दुरुस्ती मागावी. ती नोकरी सोडण्यापूर्वीच झालेली बरी.

दहा वर्षांच्या आत नोकरी बदलताना पेन्शनची रक्कम फॉर्म १०सी भरून काढून घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. हाती येणारी रक्कम थोडी असते आणि मासिक पेन्शनसाठी लागणारी दहा वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. याच अर्जाने रकमेऐवजी योजना प्रमाणपत्र, म्हणजे झालेली सेवा पुढे मोजली जावी यासाठीचा दाखला, घेता येते, आणि नवी नोकरी मिळालेली असेल तर खाते वर्ग करणे सर्वांत सरळ. सलग पाच वर्षांची सेवा होण्याआधी ५०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम काढल्यास उगमी करकपातही (टीडीएस) होते, मात्र वर्ग केलेल्या जुन्या खात्याची सेवा या पाच वर्षांत धरली जाते.

अर्धवट राहिलेले नामनिर्देशन

ई-नॉमिनेशनमध्ये नावे, छायाचित्रे आणि वाटा भरून ‘सेव्ह’ केले की काम झाले, असे वाटते. आधार ओटीपीने ई-स्वाक्षरी होईपर्यंत ते नामनिर्देशन प्रलंबितच असते, आणि अनेक लोक नेमके याच पायरीवर थांबतात. लग्नाआधी केलेले नामनिर्देशन लग्नानंतर आपोआप बाद ठरते, हेही अनेकांना ठाऊक नसते. पत्नी किंवा मुले असताना भावाचे नाव घातले, तर तेही ग्राह्य धरले जात नाही. पीएफ, पेन्शन आणि सदस्याच्या मृत्यूनंतर मिळणारा सात लाख रुपयांपर्यंतचा ठेवसंलग्न विमा या तिन्ही गोष्टी कुटुंबाला कितपत विनासायास मिळतील, हे या एका पानावर ठरते.

क्लेम नामंजूर झाल्यावर तोच अर्ज जसाच्या तसा पुन्हा भरणे व्यर्थ असते. शेऱ्यात लिहिलेली त्रुटी आधी दूर करावी, आणि शेरा मोघम असेल तर तक्रार निवारण संकेतस्थळावर यूएएन, क्लेमचा क्रमांक आणि शेऱ्याचे छायाचित्र जोडून नेमका प्रश्न विचारावा. अधिकृत मदत क्रमांक १४४७० हा आहे. शोधयंत्रावर सापडणाऱ्या दहा आकडी ‘पीएफ हेल्पलाइन’ला फोन करू नये, कारण पलीकडून ओटीपी मागितला जातो आणि खऱ्या कार्यालयातून तो कधीच मागितला जात नाही. सायबर कॅफेतून किंवा एजंटाकडून अर्ज भरून घेतला असल्यास, काम झाल्यावर पासवर्ड बदलावा आणि नोंदवलेला मोबाइल व बँक खाते आपलेच आहे ना, हे त्याच दिवशी तपासावे.