जुने वण आणि उन्हाने रापलेली कातडी घरी कशी तपासायची

स्किन कॅन्सर म्हटलं की सगळे वरच्या कातडीकडेच बघतात, पण तिच्या खाली कोलॅजनचा, म्हणजे कातडीला घट्ट धरून ठेवणाऱ्या प्रोटीनचा, जो थर असतो ना, तो बिघडला तरी गडबड सुरू होऊ शकते. तिथल्या फायब्रोब्लास्ट पेशी (कोलॅजन बनवणाऱ्या) एरवी वरच्या पेशींना ताळ्यावर ठेवतात, पण वर्षानुवर्षं ऊन खाल्लं की उन्हातले यूव्हीए (अतिनील) किरण तिथपर्यंत पोचतात, कोलॅजन तुटतं, सूज धुमसत राहते आणि मग त्याच पेशी चुकीच्या वाढीला खतपाणी घालायला लागतात. भाजल्याच्या वणात होणारा मार्जोलिन अल्सर नावाचा स्किन कॅन्सर असाच, कधीकधी तर 30 वर्षांनी उगवतो, म्हणून जुना वण म्हणून सोडून देऊ नका प्लीज.

महिन्यातून एकदा चांगल्या उजेडात बसा, वणावरून बोट फिरवा, कुठे कडक गाठ, वर आलेली कड, रक्त किंवा घाण वास येणारा स्राव आहे का बघा. शेजारी पट्टी ठेवून मोबाईलवर फोटो काढा, पुढच्या महिन्यात ताडून बघता येतं. कान, ओठ, टक्कल, हाताची मागची बाजू विसरू नका, तिथे सँडपेपरसारखा खरखरीत डाग लागला तर स्किनच्या डॉक्टरांना दाखवा.

जखम 4 आठवड्यांत भरली नाही तर मलमं बदलत बसू नका, बायोप्सी (छोटा तुकडा काढून तपासणी) लागेल का ते सरळ विचारा. बाहेर पडताना एसपीएफ 30चं सनस्क्रीन, दर 2 तासांनी परत, आणि वण शक्यतो कपड्याने झाकलेलाच ठेवा.