सालीवरची पाल कशी शोधावी आणि तिची जात कशी ठरवावी

वडाच्या खोडावर पाल बसलेली असते, आपण तिच्यापासून हातभर अंतरावर उभे असतो आणि तरी ती दिसत नाही. ती सरकली की मगच कळतं, इतका वेळ आपण जिला साल समजत होतो ती साल नव्हती. अशी पाल शोधण्याची नजर कुणालाही कमावता येते. त्यासाठी कोयनेच्या जंगलात शिरावं लागत नाही. सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावात एखादा जुना वड, चिंच, आंबा नाहीतर लिंब उभा असतोच. सुरुवातीला तेवढा पुरतो.

हा लेख मुख्यतः ज्या पालीबद्दल आहे तिचं शास्त्रीय नाव हेमिडॅक्टिलस लेशेनॉल्टी. इंग्रजीत तिला बार्क गेको म्हणतात. ड्युमेरील आणि बिब्रों या फ्रेंच अभ्यासकांनी १८३६ साली तिचं वर्णन केलं आणि लेशेनो या फ्रेंच निसर्गअभ्यासकाचं नाव तिला दिलं. शेपटीसकट वीतभराच्या आतली ही पाल भारताच्या मोठ्या भागात झाडांच्या खोडांवर राहते. ती सापडली आणि ओळखता आली की सह्याद्रीतल्या बाकीच्या पालींकडे कसं बघायचं तेही उमगत जातं.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधीच सांगायला हवी. रंगावरून पाल शोधू नका आणि रंगावरून तिची जात ठरवू नका. एकच पाल दुपारी गडद राखाडी असते आणि रात्री फिकट पडते. त्वचेतल्या रंगपेशींमधलं रंगद्रव्य पसरलं की अंग काळवंडतं, आक्रसलं की उजळतं. म्हणून शोधायची ती आकारावरून आणि सावलीवरून, आणि ओळखायची बोटांवरून.

दिवसा झाड हेरून ठेवा

पहिली फेरी उजेडी मारा. झाड जुनं हवं, आणि सालीला भेगा, पोपडे, ढोल्या हव्यात. पेरूसारख्या गुळगुळीत खोडावर वेळ घालवू नका. वडाची पारंबी खोडाला चिकटून वाढते तिथली बेचकी, चिंचेच्या सालीतल्या उभ्या भेगा, आंब्याच्या वाळलेल्या फांदीवरची सुटत चाललेली साल, या जागा नीट बघून ठेवा. ढोलीच्या तोंडाशी पांढरी, कडक कवचाची दोन छोटी अंडी किंवा त्यांची फुटलेली टरफलं दिसली तर झाड बरोबर निवडलंय असं समजा. या पाली एका वेळी साधारण दोनच अंडी घालतात.

ढोलीत बोट घालायचं नाही आणि पोपडा उचकटून बघायचा नाही. विंचू तिथंच असतो, कधी सापही असतो. आणि एकदा निघालेला पोपडा परत बसत नाही, म्हणजे त्या पालीचं घरच मोडलं.

झाड कुणाच्या बांधावर असेल तर मालकाला आधी विचारून ठेवा. रात्री बॅटऱ्या घेऊन शेतात फिरणाऱ्या अनोळखी माणसांकडे गाव संशयानं बघतं, आणि त्यात गावाचं काही चुकत नाही.

अंधार पडल्यावर बॅटरी आडवी धरा

सगळी खुबी इथं आहे. नवखा माणूस खोडासमोर उभा राहतो आणि बॅटरीचा झोत सरळ समोर मारतो. समोरून उजेड पडला की खोड सपाट दिसतं, उंचवट्यांच्या सावल्या नाहीशा होतात आणि पालही त्या सपाटीत मिसळून जाते. त्याऐवजी खोडाच्या अगदी बाजूला उभे राहा, बॅटरी सालीला जवळजवळ टेकवा आणि झोत खोडावरून आडवा सरकवा. सालीचा प्रत्येक कंगोरा सावली टाकू लागतो. आता सावल्यांकडे बघा. सालीच्या भेगांच्या सावल्या उभ्या आणि वेड्यावाकड्या पडतात. मधेच एखादी सावली गुळगुळीत, दोन्ही बाजूंनी सारखी, मध्ये फुगीर आणि टोकाला निमुळती दिसली तर तिथं थांबा. मग चार पाय मोजा. बहुतेक वेळा डोकं खालच्या बाजूला असतं.

सावलीनंच पाल उघडी पडते, आणि या अडचणीवर निसर्गानं काढलेला सगळ्यात देखणा उपाय मादागास्करच्या पूर्वेकडच्या जंगलात आहे. तिथल्या युरोप्लॅटस सिकोराय या पालीच्या जबड्याला, अंगाच्या दोन्ही कडांना आणि पायांना त्वचेची झालर असते. दिवसा ती खोडाला पोट टेकून पसरते आणि झालर सालीवर दाबून धरते. अंग आणि साल यांच्यामध्ये फटच उरत नाही, मग सावली कशी पडणार? अंगावरची नक्षी शेवाळ आणि दगडफुलासारखी, शेपूट चपट्या पानासारखी. बोटगर या अभ्यासकानं १९१३ साली तिचं वर्णन केलं. पाळण्याच्या हौसेपायी या पालींचा एवढा व्यापार होऊ लागला की २००५ पासून ही सगळी युरोप्लॅटस प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा हा अख्खा गट, साइट्स या वन्यजीव-व्यापारावर निर्बंध घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्या सालीवरच्या पालीला अशी झालर नाही. तिच्या राखाडी पाठीवर गडद, नागमोडी आडवे पट्टे असतात आणि बऱ्याचदा डोळ्यापासून खांद्यापर्यंत एक काळपट रेघ जाते. सालीच्या भेगा-भेगांत हे पट्टे तिची बाह्यरेषा मोडून टाकतात. नजरेला पाल अशी एक सलग वस्तू मिळतच नाही.

आडव्या उजेडानं पाल दिसली नाही तर बॅटरी कपाळाशी, डोळ्यांच्या रेषेत धरून चार-पाच पावलांवरून खोड न्याहाळा. कधी कधी पालीच्या डोळ्याची बारीकशी चमक दिसते. कोळ्यांचे डोळेही चमकतात, पण ती चमक फार लहान आणि टोकदार असते. थोड्या सरावानं दोन्हींतला फरक कळू लागतो.

वळवाचा पाऊस पडून गेल्यानंतरच्या उबदार रात्री सगळ्यात चांगल्या. पंखवाल्या वाळव्या बाहेर पडतात आणि पाली खोडांवर उतरतात. थंडीत फार आशा ठेवू नका. पायात बूट हवेतच. फुरसं, घोणस, मण्यार, नाग हे चारही साप आपल्या भागात आहेत आणि तेही रात्री बाहेर पडतात. नजर खोडावर खिळलेली असताना पायाखाली बघायचं राहून जातं, म्हणून एकट्यानं जाऊ नये. एकानं झाड बघावं, दुसऱ्यानं जमीन.

पकडू नका, फोटो घ्या

पालीला विष नसतं. भारतातच काय, जगातली कुठलीही पाल विषारी नाही. पाल पडलेलं अन्न टाकून द्यायचं ते तिच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात म्हणून, आणि तेवढ्याचसाठी पालीला हात लागला तर साबणानं धुवावा. तरी तिला पकडायचं नाहीच. पकडलं की ती शेपूट टाकते. साठवलेली चरबी त्या शेपटीत असते, ती उपाशी दिवसांत उपयोगी पडते. नवी शेपूट येते, पण तिच्यात मणके नसतात, नुसती कूर्चा असते, आणि जुनी नक्षीही परत येत नाही. म्हणून शेपटीवरून जात ठरवू नका. समोरची शेपूट मूळची की नव्यानं फुटलेली, तेच आधी बघावं लागतं.

फोटो चार हवेत: वरून पूर्ण पाठ, बाजूनं डोकं आणि डोळा, पुढच्या पायाची बोटं आणि मागच्या पायाची बोटं. फ्लॅश बंद ठेवा, सोबत्याला बॅटरी बाजूनं धरायला सांगा. एका पालीवर दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त उजेड ठेवू नये. तिची शिकारीची वेळ असते.

बोटं वाचायला शिका, तेही घरीच

स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर रात्री पाल येते. दिव्याभोवतीचे किडे टिपायला ती बाहेरच्या बाजूनं काचेला चिकटलेली असते आणि आपल्याला आतून तिचं पोट दिसतं. यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. काचेजवळ जा, दिवा चालू राहू द्या आणि बोटांकडे बघा. बोट तळाशी रुंद आहे, तिथं आडव्या पट्ट्या आहेत आणि बऱ्याच पट्ट्या मधोमध दुभंगलेल्या आहेत. त्या रुंद गादीतून बोटाचं शेवटचं पेर बारीक होऊन वर उचललं गेलंय आणि त्याच्या टोकाला नखी आहे. प्रत्येक पट्टीवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य केस असतात, त्यांची टोकं आणखी बारीक फाटलेली असतात, आणि काचेच्या रेणूंशी होणाऱ्या सूक्ष्म आकर्षणावर पाल तोललेली असते. त्यात चिकट द्रव नसतो. दुभंगलेल्या पट्ट्या आणि वर उचललेलं नखीचं पेर ही हेमिडॅक्टिलस प्रजातीची खूण. खिडकीतली पाल आणि वडावरची पाल दोघीही याच प्रजातीतल्या.

आता मांड्यांकडे बघा. पाल नर असेल तर मांडीच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रांची ओळ दिसते. आपल्याकडे घरात आढळणाऱ्या हेमिडॅक्टिलस फ्लॅविव्हिरिडिसच्या नराला प्रत्येक मांडीवर साधारण ५ ते ७ छिद्रं असतात. सालीवरच्या पालीच्या नराला एका बाजूला बाराच्या वर असतात आणि मध्ये खंड असतो. हेमिडॅक्टिलस फ्रिनॅटस या दुसऱ्या घरपालीत ती ओळ मध्ये न तुटता एका मांडीवरून दुसरीकडे जाते. अभ्यासक पालींच्या जाती वेगळ्या करतात त्या अशाच गोष्टींवरून: छिद्रं किती, पट्ट्या किती, पाठीवरचे खवले दाणेदार की मधेमधे मोठ्या पुळ्यांचे.

काचेवर हे जमलं की जंगलातल्या पालींचे फोटो बघताना चाचपडायला होत नाही. बोट सडपातळ, तळाशी गादी नाही आणि डोळ्याची बाहुली गोल, तर ती निमॅस्पिस. शेपूट सोडून साडेतीन-चार सेंटिमीटरचं हे चिमुकलं जनावर खडकांवर आणि खोडांवर दिवसाही फिरताना दिसतं. बोट सडपातळ आणि वाकडं, पण बाहुली उभी, आणि पाल रात्री पालापाचोळ्यात फिरणारी, तर ती सिर्टोडॅक्टिलस. डोळ्याला उघडमीट करणारी पापणी असेल तर ती वेगळ्याच कुलातली, युब्लेफरिस. बाकी पालींना पापणी नसते. डोळ्यावर पारदर्शक पडदा असतो आणि तो त्या जिभेनं पुसतात.

मग शिडी उतरा

शाळेत पाठ केलेली सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही उतरंड आता कामी येते. आपल्या सालीवरच्या पालीसाठी ती अशी: प्राणिसृष्टी, कणाधारी प्राणी ज्यात येतात तो कॉर्डाटा संघ, सरीसृप वर्ग, साप-सरडे ज्यात येतात तो स्क्वामाटा गण, त्यातला गेकोटा हा पालींचा गट, गेकोनिडी कुल, हेमिडॅक्टिलस प्रजाती, लेशेनॉल्टी जाती. मादागास्करची झालरवाली पालही गेकोनिडी कुलातलीच, वाट प्रजातीपाशी वेगळी होते. जिथवर खात्री आहे तिथंच थांबा. नोंदीत नुसतं हेमिडॅक्टिलस लिहिणं हे चुकीची जात लिहिण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

नावापुढे अभ्यासकाचं नाव आणि वर्ष कंसात असेल तर समजावं की आधी ती जात दुसऱ्या प्रजातीत होती. सिर्टोडॅक्टिलस डेक्कनेन्सिस (गुंथर, १८६४) असं लिहितात ते म्हणूनच.

सातारकरांना अभिमान वाटावा अशी नावंही याच शिडीवर आहेत. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, पवनचक्क्यांच्या सावलीत, दगडांखाली राहणारी एक पाल वरद गिरी आणि ॲरन बाउर या सरीसृप-अभ्यासकांनी २००८ साली जगासमोर आणली: हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस. कासच्या परिसरातल्या एका पालीला २०१४ साली याच गिरींच्या नावानं निमॅस्पिस गिरिआय म्हटलं गेलं. आणि २०१९ साली कोयनेच्या नावाची निमॅस्पिस कोयनाएन्सिस आली. माणसांच्या रोजच्या वावरातल्या डोंगरांत या पाली इतकी वर्षं बिननावाच्या होत्या. म्हणूनच कास-चाळकेवाडीला गेलात तर सड्यावरचा एकही दगड उलटू नका. त्या दगडाखालचा गारवा आणि ओल हीच तिथल्या पालीची जगण्याची जागा, आणि उलटलेला दगड परत ठेवताना ती चिरडलीही जाते.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आहे. तिथं परवानगीशिवाय, त्यातही रात्री, जाता येत नाही. सांगलीकडच्यांनी सागरेश्वरलाही हाच नियम पाळावा. या शोधासाठी राखीव जंगलाची खरंच गरज नाही.

नोंद ठेवा

तारीख, वेळ, गाव, झाड कोणतं, पाल जमिनीपासून किती उंचीवर होती, डोकं वर की खाली, पाऊस झाला होता का, हे त्याच रात्री वहीत लिहा. फोटो आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकले तर जाणकार जात ठरवायला मदत करतात. सड्यावरच्या किंवा कड्याच्या पालीचा फोटो असेल तर ठिकाण झाकण्याचा पर्याय निवडा, कारण नेमका पत्ता पाली पकडून विकणाऱ्यांच्याही हाती लागतो. गावातल्या वडावरच्या पालीचं ठिकाण मात्र बिनधास्त लिहा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याच झाडाकडे जाऊन तीच पाल भेगेत दिसते का बघा. दिसली तर रात्रीच्या फोटोशेजारी दुपारचा फोटो लावून ठेवा.